नेहमी डावीकडेच: शेहेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकलेल्या वहिनींचं प्रकरण

वय ४६. राहणं दापोली तालुक्यात, मुरूड-कर्दे पट्ट्यातल्या एका गावात, समुद्रावरून चढून आल्यावर लागणाऱ्या वाडीत. थोडी भातशेती, थोड्या पोफळी, आणि पर्यटकांचा हंगाम असला की खाली समुद्रालगतच्या घरगुती खाणावळींना मोदक, घावणे, सोलकढी पुरवायचा जोडधंदा. सगळी वाडी त्यांना वहिनी म्हणते, मीही म्हणतो, म्हणून इथेही तेच. पहाटे डबे घेऊन खाली उतरायचं आणि उन्हातून परत चढायचं यात त्यांचा अर्धा दिवस मोडायचा. रिक्षा रोज परवडत नाही. मुंबईला नोकरी करणाऱ्या मुलाने गणपतीला येताना टेम्पोत टाकून एक लेडीज सायकल आणली, सुट्टीभर शिकवायचा प्रयत्न केला आणि सुट्टी संपल्यावर निघून गेला. शिकवणी अर्धी राहिली, वहिनींचं पडणं मात्र चालूच राहिलं.

माझ्याकडे प्रकरण आलं तेव्हा त्यांच्या डाव्या मनगटाला क्रेप बँडेज होतं. मी हायस्कूलला खेळ शिकवून निवृत्त झालेला माणूस. वाडीतली बरीच पोरं माझ्या डोळ्यांदेखत सायकल शिकली. पण मोठं माणूस शिकताना कुठे अडतं हे इतकं स्वच्छ मी वहिनींच्या निमित्ताने पाहिलं, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

वाडीचं निदान

वाडीने निदान कधीच करून टाकलं होतं. एक म्हणायचा वय झालं, दुसरा म्हणायचा भीती बसली, आणि पारावरचे तज्ज्ञ म्हणायचे की मुळात तोलच नाही.

हे तोलाचं मला अजिबात पटेना. लावणीच्या दिवसांत वहिनी मळ्यातल्या बांधावरून डोक्यावर तरव्याचा भारा घेऊन जातात. बांध वीतभर रुंद, चिखलाने बुळबुळीत, दोन्ही बाजूंना पाणी. पुढे वहाळावर पोफळीचे ओंडके टाकलेला साकव आहे, त्यावरून त्या भाऱ्यासकट खाली न बघता पलीकडे जातात. अशा बाईला तोल नाही म्हणणाऱ्याने आधी तो साकव श्रावणात ओलांडून दाखवावा.

भीती होती, पण ती पडल्यानंतर आलेली. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली होती. वयाचं म्हणाल तर मोठ्या माणसाला वेळ थोडा जास्त लागतो हे खरं, आणि उंचीवरून पडल्यामुळे लागतंही जास्त. पण त्यातलं काहीच पडण्याचं कारण म्हणून पुरत नव्हतं.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांकडून तपासून घ्यायला लावली: कानाचा दोष. अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या डोकं फिरल्याची खबर मेंदूला देतात. शेजारच्या पिशव्यांमधले बारीक खडे डोकं कुठे कललं ते सांगतात. त्यात बिघाड असेल तर कूस बदलताना, वर बघताना गरगरतं. वहिनींना तसं कधी झालेलं नव्हतं आणि डॉक्टरांनाही काही सापडलं नाही.

मनगटाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. पडताना हात पुढे टेकवणं हे कुणीच ठरवून करत नाही, तो आपोआप जातो. मग अंगाचं सगळं वजन तळहातावर येतं आणि मनगटालगतचं हाड मोडतं. १८१४ साली डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी या मोडण्याचं वर्णन केलं, आजही ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. पाळी जायच्या वयानंतर बायकांची हाडं ठिसूळ होऊ लागतात, तेव्हा हा धोका जास्तच. वहिनींच्या एक्स-रेमध्ये मोड दिसला नाही. पण अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी जी खळी पडते, तिथे दाबल्यावर दुखत होतं. त्या खळीखाली नौकेच्या आकाराचं एक छोटं हाड असतं आणि त्याची चीर पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसतच नाही. म्हणून डॉक्टरांनी दोन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढायला सांगितला. तोही स्वच्छ आला. तोपर्यंत सायकल पडवीत उभी. ही विश्रांती वहिनींना जड गेली, पण मला नोंदी काढायला फुरसत मिळाली.

कोणत्या बाजूला, कुणाच्या हातून

मी त्यांना प्रत्येक वेळचं पडणं आठवून सांगायला लावलं. कोणत्या बाजूला पडलात? वेग किती होता? डोळे कुठे होते? कुणी धरलं होतं का? उजव्या हाताने काय केलंत? शेवटच्या प्रश्नाला त्या हसल्या. "पडताना हात काय करतो ते कोण बघतंय, भावजी?"

पण बाजू त्यांना आठवत होती. दरवेळी डावी. डाव्या कोपराला खरचटलेलं, डाव्या पोटरीवर पॅडलचा ओरखडा, डावं मनगट दुखावलेलं, आणि सायकलीकडे पाहिलं तर हँडलची डावी मूठही घासलेली. उजवी बाजू कोरी करकरीत. वय झालेल्या किंवा घाबरलेल्या माणसाने दोन्ही बाजूंना पडायला हवं. एकाच बाजूला पडतो त्याचं कारण त्याच्या हालचालीत असतं.

मुलाने शिकवलं कसं ते शेजारच्या पोरांनी मला करून दाखवलं. वाडीतल्या कच्च्या रस्त्यावर, जिथे जांभ्याचा मुरूम पसरलेला आहे आणि दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे आहेत. तो डाव्या बाजूने पळायचा, एक हात कॅरियरला, दुसरा हँडलला. प्रेमाने शिकवत होता, पण हँडल त्याच्या हातात असल्याने सायकल तोच चालवत होता आणि वहिनी नुसतं पॅडल मारत होत्या. अंगही नकळत त्याच्याच बाजूला झुकलेलं. "आता सोडतो" म्हणून त्याने हात काढला की तो टेकू नाहीसा व्हायचा, आणि टेकू होता डावीकडे.

अर्धं कारण हे. उरलेलं अर्धं मनगट बरं झाल्यावर दिसलं.

शाळेमागच्या सपाट मैदानात मी त्यांना सायकलवर बसवून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून नुसतं पुढे सरकायला सांगितलं. सायकल डावीकडे कलली की दोन गोष्टी एकदम व्हायच्या. खांदे उजवीकडे फेकले जायचे आणि उजव्या हाताने त्या हँडल छातीकडे ओढायच्या. उजवी मूठ मागे आली म्हणजे पुढचं चाक उजवीकडे वळलं. सायकल पडतेय डावीकडे आणि चाक चाललंय उजवीकडे. त्यामुळे खालचा आधार अंगापासून आणखी लांब सरकायचा आणि हळूहळू कलणारी सायकल एकदम आडवी व्हायची.

हा प्रकार आला कुठून? मला तर तो थेट बांधावरून आलेला दिसला. बांधावर पाय जागचा हलवता येत नाही. डावीकडे झोक गेला तर कंबर, खांदे, मोकळा हात उजवीकडे टाकूनच सावरावं लागतं. तीस वर्षं वहिनींचं शरीर हेच करत आलं होतं, आणि उत्तम करत होतं. सायकलवर नेमकं उलटं करायचं असतं. त्यांचा तोल कच्चा असता तर कदाचित सोपं गेलं असतं. पक्का होता म्हणूनच तो चुकीच्या जागी कामाला धावून यायचा.

सायकल उभी राहते कशी

वहिनींचा पुतण्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने सांगितलं की चाक फिरतं म्हणून सायकल उभी राहते, भोवऱ्याचं तत्त्व, तेव्हा काकूने नुसता वेग वाढवावा. ही समजूत शिकलेल्या लोकांत फार पसरलेली आहे. १९७० मध्ये डेव्हिड जोन्स नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने ती तपासून पाहिली. पुढच्या चाकाशेजारी उलट दिशेने फिरणारं दुसरं चाक बसवून त्याने भोवऱ्याचा परिणाम पुसून टाकला आणि तरीही ती सायकल त्याला बिनधोक चालवता आली. पुढे २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठांच्या संशोधकांनी भोवऱ्याचा परिणाम काढून टाकलेली एक लहान सायकल बनवली. तिच्या पुढच्या चाकाची ठेवणही अशी की एरवी त्या ठेवणीमुळे मिळणारी मदत मिळू नये. तरी ती ढकलली की माणसाशिवाय स्वतः सावरत पुढे जायची. चाकाच्या फिरण्याचा थोडा हातभार असतो, पण त्यावाचून अडत नाही.

अडतं ते एकाच गोष्टीवाचून. कललेल्या बाजूला चाक वळलं पाहिजे. तळहातावर काठी उभी धरून पाहा. काठी डावीकडे कलली की तुम्ही हात डावीकडे नेता, तिच्या खाली. सायकलवर तुमचा हात म्हणजे जमिनीला टेकलेली दोन चाकं, आणि ती डावीकडे न्यायची तर हँडल डावीकडे वळवायचं. चालवता येणारा माणूस हे सतत करतो, इतकं बारीक की बघणाऱ्याला हँडल सरळच वाटतं.

पुतण्याचं वेग वाढवण्याचं म्हणणं मात्र निराळ्या कारणाने खरं होतं. वेग निम्मा असेल तर तेवढाच झोक सावरायला हँडल साधारण चौपट वळवावं लागतं. शिकणारा घाबरून हळू जातो, हळू गेल्याने मोठ्या वळवणुकीची गरज पडते, आणि ती नेमकी त्याला येत नसते. पण मुरमाच्या उतारावर वेग वाढव असं मी कुणालाच सांगणार नाही. जागाच बदलायला हवी होती.

पॅडल काढली

सायकल शिकवताना आपण पहिल्या दिवशी पॅडल मारायला लावतो. माणसाने सायकल मुळात त्या क्रमाने शिकलेली नाही. १८१७ मध्ये जर्मनीतल्या मानहाइम शहरात कार्ल फॉन ड्राइस याने जे दुचाकी यंत्र चालवलं, त्याला पॅडल नव्हतंच. बसायचं आणि पायांनी जमीन मागे ढकलत जायचं. पॅडल आलं १८६०च्या दशकात, पॅरिसमध्ये, तेही पुढच्या चाकाला. म्हणजे चाळीसेक वर्षं लोक नुसता तोल सांभाळत होते. पाय, हात, डोळे, ब्रेक हे सगळं एका दमात शिकायचा हट्ट आपला.

वहिनींच्या सायकलीची दोन्ही पॅडल काढली. पंधराचा पाना लागतो. उजवं पॅडल नेहमीच्या आट्यांचं, घड्याळाच्या उलट फिरवून सुटतं. डाव्याचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवावं लागतं. हे माहीत नसलं की माणूस जोर लावून डावं पॅडल आणखी आवळत बसतो. खाऱ्या हवेने दोन महिन्यांतच आटे गंजले होते, बोटीवरच्या एका पोराने डिझेलची चिंधी रात्रभर गुंडाळून ठेवली तेव्हा सकाळी हलले. सीट इतकी खाली घेतली की बसल्यावर दोन्ही तळपाय पूर्ण टेकून गुडघे किंचित वाकलेले राहतील. साडीच्या निऱ्या चेनमध्ये जायला नकोत म्हणून पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला आवळून. याला सासूबाईंची हरकत असेल अशी वहिनींना धाकधूक होती. सासूबाईंनी वर पाहून "पायात चप्पल नको, बूट घाल" एवढंच सांगितलं.

जागा निवडली पुळणीची. ओहोटीला उघडी पडणारी ओली वाळू तिथे घट्ट असते, सायकल सहज चालते आणि पडलं तरी मुरमासारखी सालटं निघत नाहीत. पण वेळ साधावी लागते. आमच्याकडे जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला पाणी वर आणि ओहोटी भर दुपारी, कामाची नाही. पुनवेला आणि अवसेला भरती दुपारी बाराच्या आत-बाहेर, मग संध्याकाळी साडेपाच-सहाला पाणी तळाला. शिवाय तेव्हा उधाणाची ओहोटी, पाणी जास्तच मागे जातं आणि रुंद पट्टा मिळतो. म्हणून त्रयोदशीपासून बीजेपर्यंतच्या संध्याकाळी धरल्या, मधले दिवस सुट्टी. या सुट्टीचा उपयोग झाला असं मला वाटतं. प्रत्येक खेपेला त्या आधीपेक्षा सैल बसलेल्या दिसल्या.

पहिलं काम सायकलवर न बसता. वहिनींना मी सायकल फक्त सीटला धरून ढकलत न्यायला सांगितली, हँडलला हात लावायचा नाही. सीट डावीकडे कलती केली की पुढचं चाक आपण होऊन डावीकडे वळतं. उजवीकडे कलती केली की उजवीकडे. त्यांनी ते चार-सहा वेळा करून पाहिलं, मग थांबल्या.

"म्हणजे हिला कळतंय कुठे वळायचं ते?"

"हो. तुमचा हात तिला वळू देत नाही."

"पण पडतेय तिकडेच वळवलं तर पडणारच की, भावजी."

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. बसून पायांनी ढकलत जायला लावलं. सूचना दोनच: उजवी मूठ दोन बोटांनी धरायची आणि बघायचं लांबच्या सुरूच्या झाडांकडे. दोन बोटांनी हँडल ओढता येत नाही, हा त्यातला डाव. लांब बघायचं कारण असं की चाकाकडे बघणाऱ्याला झोक उशिरा कळतो. शिवाय नजर जिथे खिळते तिथेच सायकल जाते. सगळी पुळण मोकळी असताना वाळूतल्या एकुलत्या एका खुंटाला जाऊन धडकणारे महाभाग मी पाहिले आहेत.

मैदानावर शिकवताना मला जे कधी मिळालं नव्हतं ते इथे मिळालं: उमट. ओल्या वाळूत पुढच्या चाकाची रेघ वेगळी, मागच्याची वेगळी. मागची बरीच सरळ जाते, पुढची तिला ओलांडत नागमोडी. दोन्ही बाजूंना पावलं. पहिल्या संध्याकाळी डावी पावलं खोल आणि जवळजवळ, टाच रुतलेली. उजवी विरळ, नुसता चवडा टेकलेला. त्यांचा सगळा भार कुठे होता ते वाळूवर लिहिलेलंच होतं. वहिनींना ते दाखवल्यावर त्या स्वतःच परत जाऊन आपली रेघ वाचायला लागल्या. पुढच्या खेपांना पावलांमधलं अंतर वाढत गेलं, डावी-उजवी सारखी झाली, आणि मग एके ठिकाणी पावलं संपली. नुसत्या दोन रेघा, बऱ्याच लांबपर्यंत. त्या टप्प्यात त्यांनी हँडल पडत्या बाजूला वळवलं होतं का, हे त्यांना सांगता येईना. रेघ सांगत होती की वळवलं होतं.

वळण घेतानाची रेघ तर आणखी गमतीची. डावीकडे वळायच्या आधी पुढच्या चाकाची रेघ किंचित उजवीकडे जाऊन मग डावीकडे येते. आधी चाकं थोडी उजवीकडे गेल्याशिवाय अंग डावीकडे कलत नाही आणि कलल्याशिवाय वळण घेता येत नाही. विमान बनवण्याआधी राइट बंधूंचं सायकलचं दुकान होतं. त्यातल्या विल्बरने कित्येक सायकलस्वारांना विचारलं होतं की डावीकडे वळताना तुम्ही काय करता, आणि पहिल्या फटक्यात बरोबर उत्तर कुणालाच देता आलं नाही. वहिनींनाही मी ते समजावत बसलो नाही. रेघ पाहून त्या "हे कुणी केलं?" एवढंच म्हणाल्या.

पडणं या काळातही झालं, पण पाय टेकून थांबण्याइतपतच. हात पुढे टाकायची सवय मोडायला एकच गोष्ट घोकून घेतली: मूठ सोडायची नाही, पाय सोडायचा. सीट खाली असल्याने ते शक्य होतं.

पॅडल परत लावली तेव्हा फारसं काही करावं लागलं नाही. आधी फक्त उजवं, त्यावर पाय ठेवून डाव्या पायाने ढकलत. मग दोन्ही. निघताना उजवं पॅडल वर आणि थोडं पुढे आणून ठेवायचं म्हणजे पहिल्या दाबातच सावरण्यापुरता वेग येतो. सीट टप्प्याटप्प्याने वर. चिकाटी वहिनींची होतीच, पण मला वाटतं श्रेय क्रम बदलण्याला जास्त आहे.

मग उजवीकडे

माघात वहिनी डांबरी रस्त्यावर आल्या. आणि एका सकाळी रिकामे डबे आणायला खाली निघालेल्या असताना उताराच्या वळणावर पडल्या. उजवीकडे.

वाडी लगेच जुन्या निदानावर आली. मला मात्र बाजू ऐकूनच कळलं की हे पडणं वेगळं आहे. जाऊन जागा पाहिली. उजवं वळण, कडेच्या दरडीवरून घसरून आलेली जांभ्याची खडी वळणाच्या आतल्या अंगाला साचलेली, आणि तिच्यातून पुढच्या चाकाचा हातभर घसपटा. मागच्या चाकाचा नाही. आपल्याकडच्या सायकलींना उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. पुळणीवर ब्रेकची गरजच पडली नव्हती, पाय होते. उतारावर वेग वाढला, वळणात शिरल्यावर घाबरून जोरकस हाताने, म्हणजे उजव्याने, ब्रेक आवळला. कललेली सायकल, सुट्या खडीवर पुढचं चाक अडकलं की ते घसरतंच, आणि पुढचं चाक घसरल्यावर सावरायला काही उरत नाही, कारण सावरायचं असतं त्यानेच.

लागलं फार नाही. ढोपर खरचटलं, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. हात त्यांनी टेकला नव्हता, मूठ धरून ठेवली होती; मनगट वाचलं.

यावरचा इलाज पुळणीवर करता येणारा नव्हता. शाळेसमोरच्या सौम्य उतारावर खडूने रेघ मारली आणि रेघेवर थांबायचा सराव करून घेतला. आधी नुसत्या डाव्या ब्रेकने, मग दोन्हींनी मिळून, डावा आधी. वळणाच्या अलीकडे सरळ असतानाच वेग कमी करायचा, वळणात शिरल्यावर ब्रेक सोडायचा. वळणातली खडी दिसली तर उतरून ढकलत न्यायची, त्यात कमीपणा नाही. हा सराव कंटाळवाणा आहे, पुळणीसारखी गंमत त्यात नाही, आणि वहिनींनी तो कुरकुरत केला.

आजची स्थिती अशी. खालच्या सपाट रस्त्यावर त्या निर्धास्त चालवतात, मुरूडच्या बाजारापर्यंत जातात. वाडीखालची शेवटची घाटी उतरून ढकलतात आणि ते बरोबरच आहे, तिथे मीही उतरतो. मेच्या सुट्टीत पर्यटकांच्या गाड्या वाढल्या की मोठा रस्ता टाळतात. पुळणीवरून आल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुऊन चेनला तेल देणं चालू आहे, नाहीतर खारी वाळू महिन्याभरात चेन खाते. पावसात सायकल बंद: शेवाळ धरलेल्या रस्त्यावर वळण नको असं मीच सांगितलं.

जमत नाही ते म्हणजे एक हात सोडून वळण्याचा इशारा देणं. उजवा हात उचलला की डावा अजून हँडल ओढतो आणि सायकल डावीकडे जाते. जुनी सवय तेवढी शिल्लक आहे. पुढच्या पुनवेला पुन्हा पुळणीवर जाऊन त्याचा सराव करायचा आहे. कॅरियरवर डबे बांधायचं सध्या अर्ध्या भाराने चालू आहे, कारण मागे वर वजन आलं की निघताना आणि थांबताना सायकलचा झोक बदलतो. त्यांना नातवाला डबलसीट न्यायचं आहे. आधी तेवढ्याच वजनाचे नारळ पोत्यात घट्ट बांधून मुरूडपर्यंत नेऊन आणा, असं सांगितलं आहे. नारळ हलत नाहीत आणि नातू हलतो, हे त्यांनीच मला सुनावलं. त्यामुळे ते प्रकरण तूर्त खुलं आहे.